शंखाचा पत्ता

शंख राहतो कुठे? माझ्यापुरतं उत्तर सोपं होतं. देवघरात, घंटेच्या शेजारी! ते एका समुद्री गोगलगायीचं घर आहे आणि मालकिणीला बाहेर काढूनच ते आपल्याकडे येतं, हे डोक्यात शिरायला बराच उशीर झाला. (शाळेत मास्तर मला 'शंख' का म्हणायचे ते आलं ना लक्षात?)

शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम. तामिळनाडू आणि श्रीलंकेमधलं मन्नारचं आखात आणि पाल्कचा उपसागर हे हिचं माहेर. उथळ समुद्र, वाळूचा तळ आणि खायला त्या वाळूतले किडे. कच्छच्या आखातातही ती सापडते. बंगालच्या गाळाच्या किनाऱ्यावर मात्र नाही.

गंमत म्हणजे शंखाच्या बांगड्या, 'शांखा', घालतात त्या नेमक्या बंगाली सुवासिनी! तेव्हा पाणबुड्यांनी शंख काढायचे तुतिकोरिनला आणि ते जहाजाने जायचे थेट बंगालमध्ये. या धंद्यावर आधी डचांची, मग इंग्रजांची मक्तेदारी. ढाक्यात शांखारी बाजार ही शंख कापणाऱ्यांची अख्खी गल्ली होती. हत्यार एकच, जड अर्धचंद्राकृती करवत. ती जाताना कापते, येतानाही कापते. म्हणून आपण जिथे 'इकडे आड तिकडे विहीर' म्हणतो, तिथे बंगाली माणूस 'शांखेर करात' म्हणतो.

आता जरा मागे जाऊ, चार हजार वर्षांहून जास्त. गुजरातेत नागेश्वरला हडप्पाकालीन शंखकामाची जागा सापडली. तेव्हाचे कारागीर याच गोगलगायीच्या शंखातून बांगड्या कापत. मार्क केनोयर या पुरातत्त्वज्ञांनी शंखांवरच्या कापाच्या खुणा तपासल्या, तर करवत निघाली ब्राँझची, पातळ पात्याची आणि बाहेरगोल धारेची. म्हणजे बंगाली करवतीची आजीच! आमच्याकडे दोन वर्षांत सगळा कोड नव्याने लिहायला काढतात, आणि इथे...

असो. १९४७ साली शंख काढणारे एका देशात राहिले आणि ढाक्याचे कापणारे दुसऱ्या. मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्य शांखारी बाजारात घुसलं. गल्लीतल्या कितीतरी लोकांना त्यांच्या घरांतच मारलं. वाचलेल्यांतले अनेक सीमा ओलांडून भारतात आले. पुढे हातकरवतीच्या जागी विजेची करवत आली. गल्लीत शांखा अजून विकतात. त्यासाठी शंख येतात श्रीलंकेहून, त्याच समुद्रातून.