ध्वनी डिले लाइन
विद्युत संकेत काही मायक्रोसेकंद उशिरा पोहोचावा म्हणून त्याचे तात्पुरते ध्वनिलहरींत रूपांतर करणाऱ्या घटकाला ध्वनी डिले लाइन म्हणतात. पाल पद्धतीच्या रंगीत टीव्ही संचांत ती काचेची असे.

प्रक्षेपणात रंगसंकेताची फेज सरकली की छटा बदलते; चेहरे हिरवट किंवा जांभळट दिसतात. जर्मन अभियंते वॉल्टर ब्रुख यांनी 1960 च्या दशकात विकसित केलेल्या पाल पद्धतीत रंगसंकेताचा एक घटक ओळीआड उलटा पाठवतात. लागोपाठच्या दोन ओळी एकत्र केल्या की छटेतील चूक रद्द होते. रंग फक्त किंचित फिका पडतो. त्यासाठी आधीच्या ओळीचा रंगसंकेत 64 मायक्रोसेकंद रोखून धरावा लागतो.

केबलमधून हे साधायचे तर सुमारे 13 किलोमीटर केबल लागेल. काचेत मात्र ध्वनी सेकंदाला अडीच किलोमीटरच्या आसपास जातो, त्यामुळे 16-17 सेंटिमीटरचा मार्ग पुरतो. काचेला जोडलेला पिझोइलेक्ट्रिक घटक संकेताचे कंपनांत रूपांतर करतो. ही कंपने कडांवरून परावर्तित होत दुसऱ्या घटकापर्यंत पोहोचतात आणि तेथे पुन्हा विद्युत संकेत बनतो. मार्ग असा दुमडल्याने काचेचा तुकडा तळहातावर मावतो.

भारतात 1982 मध्ये सुरू झालेले रंगीत प्रसारणही पाल पद्धतीचेच होते. पुढे काचेची जागा चिपने घेतली.