वारस सापडतो, कूळ हरवतं

अद्भुत कादंबऱ्यांच्या राज्यात एक गोष्ट ठरलेली असते. रानात वाढलेला, कुळाचा पत्ता नसलेला पोरगा शेवटी गादीचा खरा वारस निघतो आणि तो सिंहासनावर बसला की सगळं आलबेल होतं. ‘चांदोबा’ वाचून मोठे झालेल्यांना यात नवं काही नाही. इंग्रजी अद्भुतकथेत मात्र या वारसाची वंशावळ सनावळीसकट लावता येते, आणि ती चांगलीच राजकीय आहे.

दगडात रुतलेली तलवार उपसणारा आर्थर पहिल्यांदा दिसतो तो १२०० च्या सुमारास, रोबेर द बोरों या फ्रेंच कवीच्या काव्यात. इंग्रजीत तो रुजवला टॉमस मॅलरीने. मॅलरीचा ग्रंथ मुद्रक कॅक्स्टनने छापून पुरा केला ३१ जुलै १४८५ रोजी. पुढे तीनच आठवड्यांनी बॉसवर्थच्या लढाईत तिसरा रिचर्ड पडला आणि हेन्री ट्यूडर राजा झाला. या हेन्रीचा गादीवरचा हक्क तसा लंगडाच. वर्षभराने त्याला मुलगा झाला तो विंचेस्टरला, म्हणजे मॅलरीने जिथे आर्थरची राजधानी दाखवली त्या गावी. आणि त्याचं नाव ठेवलं आर्थर. कथेतला वारस दरबाराच्या असा कामी आला.

पुढे वॉल्टर स्कॉटने १८१९च्या अखेरीस आलेल्या ‘आयव्हॅन्हो’त वेश पालटून फिरणारा राजा पहिला रिचर्ड आणला. पण त्याच कादंबरीत गर्थ नावाचा डुकरं राखणारा दासही आहे. त्याच्या गळ्यात मालकाच्या नावाचं पितळी कडं आहे. स्कॉट ते पहिल्याच प्रकरणात दाखवतो आणि पुढे काढूनही टाकतो. नंतरच्या अद्भुतकथांनी स्कॉटकडून किल्ले घेतले, चिलखतं घेतली, हे कडं तेवढं घेतलं नाही.

या वंशावळीतला सगळ्यांत चक्रावणारा पुरुष म्हणजे विल्यम मॉरिस. पक्का समाजवादी, चौकाचौकांत भाषणं देणारा, ‘कॉमनवील’ पत्राचा संपादक. १३८१ साली डोईपट्टीविरुद्ध इंग्लंडमधले शेतकरी उठले, त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या जॉन बॉल या पाद्र्याला फासावर चढवलं गेलं. त्या बॉलवर मॉरिसने १८८६-८७ मध्ये कथा लिहिली. आणि दहा वर्षांनी, अद्भुताच्या प्रांतात शिरल्यावर, त्याच मॉरिसचा नायक कोण? एका छोट्या राजाचा धाकटा मुलगा! माझ्या मते दोष मॉरिसचा कमी, साच्याचा जास्त. शोधयात्रेला घोडा लागतो, फुरसत लागते. वेठीला जुंपलेल्या माणसाकडे दोन्ही नसतं.

१९१४ मध्ये ऑक्सफर्डच्या एका विद्यार्थ्याने बक्षिसाच्या पैशांतून मॉरिसची पुस्तकं विकत घेतली. हा विद्यार्थी टोल्किन. त्याच्या कथेतला राजवारस ॲरागॉर्न हा आर्थरचाच वंशज, पण त्याच कथेतला माळी सॅम कुठल्या दंतकथेतून आला नाही. पहिल्या महायुद्धात अधिकाऱ्यांच्या दिमतीला असलेले साधे शिपाई टोल्किनने पाहिले होते, त्यांच्यातून सॅम घडला. तो शेवटपर्यंत आपल्या धन्याला, फ्रोडोला, ‘मालक’ म्हणतो, पण पुढे सात वेळा महापौर म्हणून निवडूनही येतो. हे दुसरं आपण विसरतो, कारण ते परिशिष्टात आहे.

ॲरागॉर्नची करपद्धती काय होती, हा कादंबरीकार जॉर्ज मार्टिनचा प्रश्न रास्तच. त्याने १९९६ पासून इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या गुलाबयुद्धांचा चिखल कथेत आणला. तरी त्याचे बहुतेक निवेदक सरदारांच्या घरातलेच. चोरटी ने-आण करून वर आलेला डाव्होस हा एक अपवाद.

साचा मोडला तो विनोदी लेखकाने. टेरी प्रॅचेटच्या ‘गार्ड्स! गार्ड्स!’मध्ये (१९८९) खुज्यांनी वाढवलेला कॅरट येतो. अंगावर मुकुटाच्या आकाराची खूण, हाती जुनी तलवार, सगळं रीतसर. कॅरटच्याच पुढच्या पुस्तकात वारसाहक्काचे पुरावेही समोर येतात. कॅरट गादी मागत नाही. तो पोलिसातली नोकरी करत राहतो.