फ्रेस्नोचा जिम आणि मुरगाव बंदर

गेल्या चवथीच्या सुटीत नातवानं हट्ट करून मला 'कॅप्टन अमेरिका : द फर्स्ट ॲव्हेंजर' हा चित्रपट दाखवला. जो जॉन्स्टन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०११ सालचा. असल्या चित्रपटांच्या वाटेला मी सहसा जात नाही. पण "आजोबा, यात दुसरं महायुद्ध आहे" एवढं आमिष मला पुरलं. अर्धा चित्रपट झाला आणि नातवानं विचारलं, "आजोबा, हा जपानी अमेरिकेच्या बाजूनं कसा काय लढतो?" त्या प्रश्नाचं उत्तर चित्रपटात नाही. ते शोधता शोधता मी थेट आपल्या मुरगाव बंदरात येऊन पोचलो, म्हणून हा लेख.

आधी चित्रपटाची चांगली बाजू सांगतो, कारण ती खरोखरच चांगली आहे. ब्रुकलिनचा स्टीव्ह रॉजर्स हा काडीपैलवान. सैन्यभरतीत पुन्हा पुन्हा नापास होतो, खोटे पत्ते देऊन पुन्हा रांगेत उभा राहतो. जर्मनीतून निसटलेला शास्त्रज्ञ अर्स्किन त्याला निवडतो तो ताकदीसाठी नव्हे. आयुष्यभर मार खाल्लेल्या माणसाला ताकद मिळाली तर तिची किंमत कळेल, हा त्याचा हिशेब. हाच अर्स्किन एका रात्री स्टीव्हला समजावतो की नाझींनी सर्वांत आधी गिळला तो त्यांचा स्वतःचाच देश. युद्धावरच्या कितीतरी गंभीर चित्रपटांना हे एवढ्या सोप्या शब्दांत सांगता आलेलं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. स्टीव्ह बलदंड झाल्यावर सरकार त्याला रणांगणावर पाठवतच नाही. रंगीत कपडे चढवून, मागे नाचणाऱ्या मुली उभ्या करून त्याला गावोगाव युद्धरोखे विकायला लावतं. रंगमंचावर तो खोट्या हिटलरला रोज ठोसा मारतो. पुढे इटलीत खऱ्या सैनिकांसमोर हाच खेळ करतो तेव्हा ते त्याची हुर्यो उडवतात. हा भाग कल्पनेतला वाटला तरी इतिहासाला धरून आहे. त्या युद्धात साडेआठ कोटींच्या आसपास अमेरिकनांनी मिळून सुमारे १८५ अब्ज डॉलरचे रोखे घेतले, आणि ते खपवायला हॉलिवुडचे नट-नट्या देशभर फिरल्या. कॅरोल लोम्बार्ड ही नटी तर जानेवारी १९४२ मध्ये अशाच एका सभेहून परतताना विमान अपघातात गेली.

आणि तो ठोसाही खराच! जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू तरुणांनी काढलेला 'कॅप्टन अमेरिका'चा पहिला अंक डिसेंबर १९४० मध्ये बाजारात आला. मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो आहे. पर्ल हार्बरला अजून वर्ष होतं आणि अमेरिका युद्धाबाहेर होती. दोघांना धमक्यांची पत्रं आली. कर्बी पुढे सैन्यात भरती होऊन फ्रान्समध्ये लढला. म्हणजे ज्यानं कागदावर ठोसा मारला, तो रणांगणावरही गेला.

उणी बाजू सुरू होते ती नायक युद्धावर पोचल्यावर. १९४० च्या कागदावर खलनायक नावानिशी हिटलर होता. २०११ च्या पडद्यावर मात्र तो मागे सरकतो आणि 'हायड्रा' नावाची काल्पनिक टोळी पुढे येते. तिचा म्होरक्या रेड स्कल हिटलरशीच फारकत घेतो, त्याचे अधिकारी मारतो. शत्रूकडे निळ्या किरणांच्या बंदुका. गोळी लागली की माणूस विरून जातो, प्रेतही उरत नाही. रक्त नाही, स्वस्तिक जवळजवळ नाही, आणि ज्यूंच्या संहाराचा तर उल्लेखही नाही. ज्या युद्धात साठ लाख ज्यू मारले गेले, त्यातून मारणारे आणि मेलेले दोघेही वगळले की उरतो तो नुसता धावपळीचा खेळ.

आता नातवाचा प्रश्न. स्टीव्ह शत्रूच्या कैदेतून सैनिक सोडवतो, त्यांत जिम मोरिटा नावाचा जपानी चेहऱ्याचा सैनिक असतो. कुणीतरी संशय घेतो, तेव्हा तो गळ्यातला बिल्ला पुढे करून आपण फ्रेस्नोचे असल्याचं ठणकावतो. प्रेक्षक हसतात, गोष्ट पुढे जाते. पण कॅलिफोर्नियातल्या त्या फ्रेस्नो शहरात १९४२ साली काय चाललं होतं? १९ फेब्रुवारी १९४२ ला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम क्रमांक ९०६६ काढला. त्यानुसार पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून तारेच्या कुंपणाआड ठेवलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले नागरिक होते. खुद्द फ्रेस्नोतल्या जत्रेच्या मैदानावर तात्पुरती छावणी उभारून तिथे पाच हजारांवर माणसं डांबली होती. फ्रेस्नोचा जिम शत्रूच्या कैदेतून सुटतो हे चित्रपट दाखवतो. त्याचे आईबाप त्या वेळी कुणाच्या कैदेत असतील, हे दाखवत नाही.

जिमसारखे सैनिक काल्पनिक नव्हते. १९४३ साली उभारलेल्या ४४२ व्या पलटणीत जपानी वंशाचेच अमेरिकन होते. कित्येकांची कुटुंबं छावण्यांत होती. ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रान्सच्या व्होज डोंगरांत वेढ्यात सापडलेल्या टेक्सासच्या बटालियनमधले २११ सैनिक त्यांनी सोडवले. त्यापायी त्यांचे स्वतःचे मृत आणि जखमी त्याहून कितीतरी जास्त झाले. पण ही माणसं गोऱ्या सैनिकांच्या तुकडीत मिसळून लढली नाहीत. काळ्या सैनिकांचंही तेच. चित्रपटातला गेब जोन्स गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढतो. प्रत्यक्षात सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा हुकूम अध्यक्ष ट्रुमन यांनी काढला तो जुलै १९४८ मध्ये, युद्ध संपून तीन वर्षं झाल्यावर.

कुणी म्हणेल, पोरांच्या चित्रपटाकडून एवढी अपेक्षा कशाला? शिवाय १९६३ साली स्टॅन ली आणि कर्बी यांनी आपल्या युद्धकथेत काळा सैनिक गोऱ्यांबरोबर मुद्दाम घातलाच होता की. खरं आहे. तेव्हाच्या अमेरिकेत ते धाडस होतं; देश असा असायला हवा, असं म्हणणं होतं. पण पन्नासेक वर्षांनी तेच चित्र जराही खुलासा न करता दाखवलं की 'असायला हवं होतं' याचं 'असंच होतं' होऊन जातं. मग ज्यांनी अन्याय सोसून पराक्रम केला, त्यांच्या पराक्रमाची किंमतच कळत नाही. अमेरिकन सरकारनं १९८८ साली कायदा करून त्या छावण्यांबद्दल माफी मागितली, हयात पीडितांना प्रत्येकी २० हजार डॉलर दिले. सरकारनं जे कबूल केलं, ते चित्रपटाला एका वाक्यात सांगायला काय हरकत होती?

आणि आता मुरगाव. वास्कोकडे जुनी माणसं महायुद्धाची एक गोष्ट हमखास सांगायची. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजांनी बंदरातल्या 'एहरेनफेल्स' या जर्मन बोटीवर छापा घातला ती. त्यावर १९८० साली 'द सी वुल्व्ज' चित्रपटही निघाला. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच बंदरात आणखी एक घटना घडली, ती मला कुणीच सांगितली नव्हती. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून अमेरिका आणि जपान यांनी आपापल्या ताब्यातल्या नागरिकांची अदलाबदल मुरगावात केली. न्यूयॉर्कहून 'ग्रिप्सहोम' ही स्वीडिश बोट जपान्यांना घेऊन आली, पूर्वेकडून 'तेइआ मारू' अमेरिकन आणि कॅनेडियनांना घेऊन. दोन्हीकडून सुमारे दीड दीड हजार माणसं. 'ग्रिप्सहोम'वरच्या काही कुटुंबांना अमेरिकेतल्या त्या छावण्यांतून आणलं होतं. त्यांच्यातली काही मुलं अमेरिकेतच जन्मलेली. जपान त्यांनी कधी पाहिलाही नव्हता, आणि आता ती तिकडेच निघाली होती.

चित्रपटात जिमची सुटका होते ती नोव्हेंबर १९४३ मध्ये. म्हणजे त्याच्या आदल्याच महिन्यात त्याच्यासारखी मुलं आपल्या धक्क्यावर एका बोटीतून उतरून दुसरीत चढत होती.

नातवाला मी हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग हे चित्रपटात का नाही घातलं?" पुढच्या सुटीत त्याला मुरगावचा धक्का दाखवायला नेणार आहे. तुमच्या घरात कुणा थोरल्यांच्या तोंडून त्या दोन बोटींबद्दल काही ऐकलं असेल, तर ते कृपा करून लिहून ठेवा. छाप्याची गोष्ट सांगायला चित्रपट आहे. या गोष्टीला आपणच आहोत.