फक्त केळी, फक्त सूप, फक्त ताक : एकाच पदार्थावर राहून वजन खरंच उतरतं का?

लोणावळा : लग्नसराई जवळ आली की मोबाईलवर 'सात दिवसांत पाच किलो' असे डाएट चार्ट फिरायला लागतात. कुणी आठवडाभर फक्त केळी खायला सांगतं, कुणी कोबीचं सूप, कुणी नुसतं ताक. यानं वजन उतरतं का? काट्यावरचा आकडा खाली येतो, हे खरं आहे. पण उतरलेल्या वजनात चरबी किती आणि पाणी किती, ते चार्टवर लिहिलेलं नसतं.

आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साधारण अर्धा किलो साठा ठेवतं. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं एकदम तोडलं की आधी हा साठा संपतो आणि सोबतचं पाणी लघवीवाटे निघून जातं. पहिल्या चार-पाच दिवसांत दीड-दोन किलो गेले म्हणून आपण खूश होतो, ते बहुतेक हेच पाणी. नेहमीचं जेवण सुरू झालं की ते परत येतं.

आता हिशोब बघा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. पाच किलो चरबी सात दिवसांत घालवायची तर रोज साडेपाच हजार कॅलरींची तूट पाहिजे. बहुतेकांचा दिवसाचा एकूण खर्चच दोन-अडीच हजारांचा. म्हणजे आठवडाभर तोंडात कण नाही घेतला तरी हे जमणार नाही.

आपल्या मावळात वजन वाढलं की पहिला दोष भाताला देतात. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी ज्या तालुक्याची ओळख आहे, तिथे हे जरा गमतीचंच. कारण अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. वॉल्टर केम्पनर यांनी १९३९ पासून रुग्णांना भात, फळं आणि फळांचा रस यावरच ठेवलं होतं. हेतू रक्तदाब आणि किडनीच्या आजाराचा होता, पण अनेकांचं वजनही भरपूर उतरलं. ते सगळे डॉक्टरांच्या नजरेखाली होते, हे मात्र विसरायचं नाही. दुसरं टोक २०१० मधलं. कॅन्सस राज्य विद्यापीठातले पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी दहा आठवडे मुख्यतः क्रीमचे केक आणि चिप्स खाऊन सुमारे १२ किलो कमी केले. त्यांनी दिवसाच्या कॅलरी अठराशेच्या आसपास ठेवल्या होत्या. जोडीला व्हिटॅमिनची गोळी आणि प्रोटीन शेकही घेत होते. तेव्हा जादू ना भातात, ना केळ्यात. पोटात कमी गेलं, एवढंच.

एकच पदार्थ असला की कमी का जातं? कंटाळा येतो. वरण-भातानं पोट भरलं तरी गुलाबजामला जागा निघतेच. पण आठवं केळं सोलायला हात धजत नाही. उपवासाचं बघा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, रताळ्याचे काप, शेंगदाण्याचा लाडू असं सगळं असतं, म्हणून 'एकादशी, दुप्पट खाशी' होतं.

याची किंमत मात्र शरीर देतं. एका मध्यम केळ्यात शंभरेक कॅलरी आणि जेमतेम एक ग्रॅम प्रथिनं. दिवसाला दहा केळी खाल्ली तरी दहा-बारा ग्रॅम. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम लागतात. तूट भरायला शरीर स्नायू मोडतं. स्नायू घटले की शरीराचा कॅलरींचा खर्चही घटतो, आणि पुढे वजन वाढतं ते बहुतांशी चरबीच्या रूपात. त्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त महिलांच्या अंगात आधीच रक्त कमी आहे. आवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकायचं आणि पोटात फक्त ताक, हे चक्कर येऊन पडायचंच लक्षण.

काहींनी तर हा प्रयोग करूच नये. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असताना जेवण तोडलं तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली येते. घाम, थरथर, बेशुद्धी इथपर्यंत जातं. किडनीच्या रुग्णाला केळ्यातलं पोटॅशियम झेपत नाही, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुलं यांच्यासाठीही नाहीच. झपाट्यानं वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

आठवड्याला अर्धा किलो ही झेपणारी गती. त्यासाठी भात सोडायची गरज नाही. एक वाटी भात, भाकरी, त्याच्या दुप्पट भाजी, रोज उसळ किंवा घट्ट वरण, चालत असेल तर अंडं. चहातली साखर आणि संध्याकाळचा वडापाव तेवढा कमी. सुरुवात करण्याआधी रक्तदाब आणि शुगर बघून घ्या. तिशीच्या पुढच्यांसाठी ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात मोफत होते. कंबरही मोजून घ्या : पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर असेल, तर काटा काहीही म्हणो, डॉक्टरांशी बोला.