आर्टिस्ट व्हिलेज, बेलापूर
नवी मुंबईच्या बेलापूर भागातील कमी उंचीच्या घरांची वसाहत. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात ती साकारली. सुमारे सहा हेक्टर जागेत साडेपाचशे कुटुंबे सामावतील आणि तरीही प्रत्येकाच्या डोक्यावर आकाश मोकळे राहील, हे तिचे वैशिष्ट्य.

रचना अंगणापासून सुरू होते. आठ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती सात घरे. असे तीन पुंजके एकत्र आले की एकवीस घरांमध्ये बारा मीटरचा चौक. हेच पुढे वाढत शाळा आणि सामाईक जागांपर्यंत पोहोचते. आखणीत मधून एक ओढा वाहतो, पावसाळ्याचे जादा पाणी तो वाहून नेतो. पाण्याला त्याची वाट ठेवणे हा किती साधा शहाणपणा!

कोरियांचा खरा मोठेपणा मात्र जमिनीच्या वाटपात दिसतो. रहिवाशांच्या उत्पन्नात मोठी तफावत असूनही भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांच्या दरम्यानच ठेवले. दोन घरांत सामाईक भिंत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला न दुखावता, गवंड्याला हाताशी धरून, ज्याने-त्याने ऐपतीप्रमाणे घर वाढवावे.

घरे वाढलीही. अनेक उतरत्या छपरांच्या जागी आज दोन-तीन मजली काँक्रीटच्या इमारती उभ्या आहेत. मूळ रूप पुसट झाल्याची हळहळ वास्तुप्रेमींना वाटते. पण घर बदलण्याचा हक्क रहिवाशांना मूळ आराखड्यानेच दिला होता.