अंतिम आणि यथार्थ : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील वादग्रस्त निर्णयांचा इतिहास

एखाद्या घटनेची अधिकृत नोंद आणि ती घटना प्रत्यक्षात जशी घडली ती, या दोहोंत अंतर पडते हा इतिहासाच्या अभ्यासकाचा नित्याचा अनुभव आहे. बहुधा हे अंतर नोंद करणाराच्या अज्ञानामुळे, पक्षपातामुळे किंवा साधनांच्या अभावामुळे पडलेले असते. नवी साधने हाती आली म्हणजे नोंद दुरुस्त करता येते. परंतु काही नोंदी निराळ्या जातीच्या असतात. त्या चुकीच्या आहेत हे सर्वांस ठाऊक असते, चूक करणाराही ती मान्य करतो, आणि तरीही नोंद कायम राहते. अशा नोंदींचे स्वरूप काय, आणि त्या इतिहासकाराने कशा वाचाव्यात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासातील काही वादग्रस्त सामने विवेचनार्थ घेतले आहेत. विषय वरवर पाहता क्रीडेचा वाटला, तरी अंतिम शब्द कोणाचा आणि तो अंतिम का, हा त्यातील प्रश्न न्यायालये, निवडणुका आणि परीक्षामंडळे यांनाही तितकाच लागू पडतो.

१

हा खेळ आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. त्यात लंबगोल चेंडू हाती घेऊन धावतात वा फेकतात. आक्रमक संघास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे असते. प्रत्येक प्रयत्नास ‘डाउन’ म्हणतात. चार डाउनमध्ये ते साधले नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपार नेल्यास ‘टचडाउन’ होऊन सहा गुण मिळतात, आणि खांबांमधून लाथाडल्यास ‘फील्ड गोल’चे तीन. सामना साठ मिनिटांचा, पंधरा मिनिटांच्या चार भागांचा असतो; परंतु फेकलेला चेंडू कोणी न झेलता जमिनीवर पडला किंवा शेवटच्या मिनिटांत चेंडू मैदानाबाहेर गेला, तर घड्याळ थांबते. त्यामुळे पिछाडीवर पडलेला संघ कधीकधी चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटतो. एक डाउन खर्ची पडतो, पण घड्याळ थांबते. तात्पर्य, या खेळात दोन मोजण्या एकाच वेळी चालू असतात : एक डाउनची व दुसरी सेकंदांची. बहुतेक मोठे वाद या दोहोंपैकी एकीत झालेल्या चुकीतून उद्भवले आहेत.

मोजणीतील चूक ही काही याच खेळाची मिरास नव्हे. क्रिकेटमध्ये पंचाने षटकातील चेंडू मोजण्यात चूक केली, तर पंचाने मोजले तेच षटक ग्राह्य धरावे, असे नियमावली स्पष्टपणे सांगते. महाविद्यालयीन फुटबॉलची नियमावली निकालाबाबत असाच पवित्रा घेते. मुख्य पंचाने सामना संपल्याचे घोषित केले की गुणसंख्या अंतिम होते.

या घोषणेचे भाषिक स्वरूप ध्यानात घेणे अवश्य आहे. ‘पाऊस थांबला’ हे विधान खरे किंवा खोटे असू शकते. पाऊस चालू असेल तर बोलणाराच्या म्हणण्याने तो थांबत नाही. ‘सामना संपला’ हे पंचाचे वाक्य मात्र वस्तुस्थितीचे वर्णन करीत नसून ती घडवीत असते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत अशा उक्तींचा विचार केला, आणि निर्णय देणाऱ्या उक्तींची उदाहरणे देताना ज्यूरी व लवाद यांच्या पंक्तीस खेळातील पंचालाही बसविले. एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ च्या आपल्या विधिविषयक ग्रंथात याहून मार्मिक भेद केला. पंचाचा निर्णय अंतिम असणे वेगळे आणि तो निर्दोष असणे वेगळे. पंच म्हणेल तोच गुण, असे मानले तर तो खेळ मुळातला राहत नाही. तो पंचाच्या मर्जीचा खेळ होतो. पुढील इतिहास हा भेद टिकविण्याच्या धडपडीचा इतिहास आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

२

१६ नोव्हेंबर १९४० रोजी न्यू हॅम्पशायरमधील हॅनोव्हर येथे कॉर्नेल व डार्टमथ यांचा सामना झाला. कॉर्नेलचा संघ तोवर सलग अठरा सामन्यांत अपराजित होता. अखेरच्या क्षणी डार्टमथ ३–० असा आघाडीवर असताना कॉर्नेलचे चार डाउन संपले. परंतु मुख्य पंच फ्रीझेल यांच्या मोजणीत गफलत झाली आणि कॉर्नेलला पाचवी संधी मिळाली. त्या संधीवर टचडाउन होऊन कॉर्नेल ७–३ असा विजयी ठरला. पुढे सामन्याची चित्रफीत तपासली गेली आणि चूक निर्विवाद झाली. फ्रीझेल यांनी ती प्रांजळपणे मान्य केली. पण निकाल फिरविण्याचा अधिकार आता त्यांच्याकडे उरला नव्हता. तेव्हा कॉर्नेलने तारेने आपला विजय सोडून देत असल्याचे कळविले व डार्टमथने तो स्वीकारला. नोंद ३–० अशी झाली.

येथे सूक्ष्म गोष्ट अशी की, पंचाचे वाक्य कोणीही रद्द केले नाही. त्या वाक्याने ज्याला लाभ झाला होता त्याने लाभाचा त्याग केला, इतकेच.

३

सुमारे पन्नास वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९९० रोजी, मिझुरी राज्यातील कोलंबिया येथे जवळजवळ हाच प्रसंग पुन्हा घडला. मिझुरी ३१–२७ असा आघाडीवर होता आणि कोलोरॅडोचा संघ गोलरेषेच्या अगदी निकट पोहोचला होता. पहिल्या डाउनला चेंडू आपटून घड्याळ थांबविण्यात आले. दुसऱ्या डाउनची धाव अडविली गेली व कोलोरॅडोने विश्रांती मागून घेतली. या गडबडीत डाउनचा आकडा दाखविणारा फलक पुढे सरकलाच नाही. तिसऱ्या डाउनचीही धाव अडली. चौथ्या डाउनला, फलकावर तिसरा दिसत असल्याने, कोलोरॅडोने पुन्हा चेंडू आपटला. वास्तविक चेंडू येथेच मिझुरीकडे जावयाचा. त्याऐवजी पाचवा डाउन खेळला गेला, टचडाउन झाले आणि सामना ३३–३१ असा कोलोरॅडोने जिंकला. ‘बिग एट’ परिषदेने पंचमंडळास निलंबित केले. परंतु ही चूक सामन्यानंतर दुरुस्त करता येणाऱ्या चुकांपैकी नव्हे, असा निर्णय देऊन निकाल कायम ठेवला. कोलोरॅडोने विजय सोडला नाही. हंगामाअखेर असोसिएटेड प्रेसच्या मतदानात त्यालाच राष्ट्रीय विजेतेपद मिळाले; प्रशिक्षकांच्या मतदानात मात्र जॉर्जिया टेकला मिळाले.

या दोन प्रसंगांची तुलना सहसा नीतीच्या अंगाने केली जाते : कॉर्नेल उदार, कोलोरॅडो अनुदार. प्रस्तुत लेखकास ही तुलना अपुरी वाटते. १९४० साली कॉर्नेलचा चौथा प्रयत्न खराखुरा होता व तो फसला होता. पाचवा वजा केला की जे उरते ते स्पष्ट आहे. १९९० साली कोलोरॅडोने चौथा डाउन चेंडू आपटण्यात घालविला तो फलकावरील आकड्यावर भिस्त ठेवून. फलक अचूक असता तर त्याने तो डाउन निराळ्या रीतीने खेळला असता, हे उघड आहे. म्हणजे येथे चूक घटनेच्या शेवटी चिकटलेली नसून घटनेच्या आत मुरलेली होती. ती वजा केल्यावर काय उरते, हे कोणासही निश्चयाने सांगता येत नाही. कोलोरॅडोने विजय ठेवावयास हवा होता असे यावरून सिद्ध होत नाही. पण परिषदेने तो काढून घेण्यास नकार दिला, त्यामागे नियमाच्या अक्षराखेरीज एक खरी अडचणही होती, हे मान्य करावे लागते.

४

सेकंदांच्या मोजणीचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. १८ नोव्हेंबर १९६१ रोजी नोत्र दाम १४–१५ असा पिछाडीवर असताना त्याचा फील्ड गोलचा प्रयत्न हुकला आणि वेळही संपली. परंतु चेंडू धरून देणाऱ्या खेळाडूस सिरॅक्यूजच्या खेळाडूने धक्का दिल्याबद्दल पंधरा यार्डांचा दंड झाला व वेळ उरली नसतानाही पुन्हा प्रयत्न करू दिला गेला. तो साधून नोत्र दाम १७–१५ असा जिंकला. वेळ संपल्यानंतर सामना नेमका कोणत्या चुकीसाठी लांबवावा, हे सांगणाऱ्या नियमाची शब्दरचनाच दोन अर्थांना वाव देणारी होती. निकाल कायम राहिला आणि पुढे नियम निःसंदिग्ध करण्यात आला. निकाल न बदलता नियम बदलण्याची ही रीत पुढे रूढ झालेली दिसते.

३ नोव्हेंबर २००१ रोजी ईस्ट लान्सिंग येथे मिशिगन स्टेटने चेंडू आपटला तेव्हा घड्याळात एक सेकंद उरला होता. त्या एका सेकंदात टचडाउन होऊन मिशिगनचा २६–२४ असा पराभव झाला. घड्याळ क्षणभर आधी थांबविले गेले, असा आक्षेप आला, आणि यजमान विद्यापीठानेच कालमापक नेमावा काय, हा प्रश्न ऐरणीवर आला. ५ डिसेंबर २००९ रोजी टेक्सस व नेब्रास्का यांच्या सामन्यात घड्याळ शून्यावर आले असता चित्रफिती पाहून एक सेकंद परत घालण्यात आला, आणि त्या सेकंदात ४६ यार्डांवरून फील्ड गोल करून टेक्ससने सामना १३–१२ असा जिंकला. तोवर यंत्राच्या साह्याने पुनरवलोकन रूढ झाले होते. ‘बिग टेन’ परिषदेने त्याचा प्रयोग २००४ साली आरंभिला होता.

यंत्र आल्याने चूक संपेल ही अपेक्षा मात्र फोल ठरली. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी मायामीने अखेरच्या क्षणी आठ वेळा चेंडू मागे देत टचडाउन केले व ड्यूकला ३०–२७ असे हरविले. प्रदीर्घ पुनरवलोकनानंतर ते वैध ठरविण्यात आले. पण वाटेत एका खेळाडूचा गुडघा जमिनीस टेकला होता. पंच निलंबित झाले, निकाल राहिला. १० सप्टेंबर २०१६ रोजी तर नियमाचेच विस्मरण झाले. दंडासोबत डाउनही गमवावा लागत असेल, तर सामना लांबवू नये, असा अपवाद नियमावलीत होता. तो न पाळता सेंट्रल मिशिगनला जादा प्रयत्न मिळाला आणि त्यावर त्याने ओक्लाहोमा स्टेटला ३०–२७ असे नमविले. याही वेळी चूक जाहीरपणे मान्य झाली, निलंबने झाली, आणि मुख्य पंचाच्या घोषणेचा आधार घेऊन निकाल अबाधित राहिला.

१२ ऑक्टोबर २०२४ चा प्रसंग याच्या उलट आहे. ओरेगॉन ओहायो स्टेटविरुद्ध ३२–३१ असा पुढे असताना, दहा सेकंद उरले असता, त्याने मैदानात अकराऐवजी बारा खेळाडू ठेवले. दंड पाच यार्डांचा. पण त्या डाउनमध्ये गेलेले चार सेकंद ओहायो स्टेटला परत मिळाले नाहीत. येथे पंचाची चूक नव्हती. नियमाच्या शब्दांत पळवाट होती. काही दिवसांतच, अशा वेळी अन्याय झालेल्या संघास गेलेला वेळ परत घेता येईल, असा खुलासा करण्यात आला. तो अर्थातच पुढील सामन्यांपुरता.

५

या सर्वांवरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पंचास शासन आणि नियमाची फेररचना, हे दोन उपाय अधिकारी संस्थेच्या हाती आहेत. परंतु दोन्हींचे तोंड भविष्याकडे आहे. भूतकाळास स्पर्श करणारा तिसरा उपाय, म्हणजे लाभाचा त्याग, हा फक्त लाभ झालेल्या पक्षाच्या हाती असतो. घोषणेचे वाक्य एकदा उच्चारले गेले की वक्त्यासही ते मागे घेता येत नाही.

दुसरे असे की, चुकीची जाहीर कबुली निरर्थक नसते. निकाल बदलत नसताना परिषदा ती का देतात, असा प्रश्न विचारला जातो. हार्टच्या भेदाकडे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. कबुली न दिली, तर अंतिम तेच यथार्थ, असे मानले जाईल, आणि चार डाउनचा नियम पंचाच्या मर्जीपुरताच उरेल. कबुलीमुळे निकाल अंतिम राहतो, पण नियमही नियम राहतो.

तिसरी गोष्ट अभ्यासकाच्या पद्धतीविषयी आहे. ‘कोलोरॅडो ३३, मिझुरी ३१’ ही नोंद खोटी म्हणून खोडता येत नाही, कारण तो निकाल खरोखर घोषित झाला. आणि खरी म्हणून निमूट उतरवूनही घेता येत नाही, कारण तो पाचव्या डाउनवर उभा आहे. इतिहासकाराने येथे एका वाक्यावर भागवू नये. काय घोषित झाले हे एका वाक्यात आणि काय घडले हे दुसऱ्यात सांगावे, व दोहोंपैकी एकासही दुसऱ्याची जागा घेऊ देऊ नये. निवाडे, निवडणुकांचे निकाल आणि गुणपत्रके वाचतानाही हीच शिस्त उपयोगी पडेल.