खाजनाचा बांध कोणाचा?



दरवर्षी ५ ऑगस्टला साष्टीतल्या राय गावात कणसांचा सण होतो. पहिली कणसे कापून आणतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात, आणि मग गोव्यातल्या इतर गावांचे सण एकामागून एक येतात. आपण कणसांसाठी देवाचे आभार मानतो. पण ज्या जमिनीने ती दिली, ती जमीन टिकली कशी, हे सहसा विचारत नाही.

गोव्यात पुष्कळ ठिकाणी ही जमीन खाजनाची आहे. खाजन म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीखालची जमीन. आपल्या पूर्वजांनी मातीचे बांध घालून ती खाऱ्या पाण्यापासून सोडवली. बांधात ठेवलेल्या लाकडी झडपांच्या दाराला मानस म्हणतात. भरतीच्या दाबाने झडप आपोआप मिटते आणि ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर जाते. पावसाळ्यात इथे भात, कापणीनंतर मासे आणि कोळंबी. बगळे, खंड्या, पाणमांजर यांनाही इथेच घास मिळतो. बाहेरची खारफुटी लाटांचा जोर मोडते.

बांधाला एका जागी भोक पडले, तर पाणी शेजाऱ्याचे शेत ओळखत नाही. म्हणून हे काम एकट्यादुकट्याचे नव्हतेच. गावकरी, म्हणजे पोर्तुगीज काळातली कोमुनिदाद, जमीन सांभाळत असे. शेते ठरावीक मुदतीने लिलावात कसायला दिली जात आणि उत्पन्नातून बांधाचा खर्च निघे. ही व्यवस्था पोर्तुगिजांच्याही आधीची. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया यांनी गावकऱ्यांच्या रीतिरिवाजांची नोंद सनदेत केली. पुढे गावे ख्रिस्ती झाली, तरी बांध तसेच राहिले.

मांडवी-झुवारीच्या मधल्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. त्या भागातल्या दुर्भाट गावात आपले हिंदू बांधव पौष अमावास्येला बांधाजवळ मातीची मगर करून तिची पूजा करतात. या रीतीला मांगेथापणी म्हणतात. आपली श्रद्धा वेगळी आहे. तरीही खाडीवर आपल्याआधी दुसऱ्या जिवाचा हक्क आहे, ही त्यामागची समज आपणही घेण्यासारखी आहे.

१९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला न्याय दिला. तो हवाच होता. मात्र बांधाची जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघांकडे गेली, आणि मानशीवरच्या मासळीचा लिलाव भातापेक्षा किफायतशीर ठरू लागला. काही ठिकाणी मासळीसाठी खारे पाणी आत सोडले गेले. शेतात मीठ साचले, भात गेला, शेते पडीक झाली. पडीक शेताचा बांध पाहायला कोण जाणार? बांध फुटले. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने खाजनांना संरक्षण दिले. पण खेकड्याने पाडलेले बीळ कायदा बुजवत नाही. त्यासाठी कोणीतरी बांधावर चालावे लागते.

पवित्र शास्त्रात उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत दोन कामांसाठी ठेवले आहे: मशागत करायला आणि राखण करायला. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात देव सांगतो की जमीन त्याची आहे, आपण तिथे उपरे आहोत. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. आपल्या गावकऱ्यांनी मातीचा बांध बांधून हेच जगून दाखवले. मशागत आपल्याला समजते. राखण मात्र आपण दुसऱ्यावर सोपवली.

तेव्हा यंदा कणसांच्या सणाआधीच्या रविवारी मिस्सा झाल्यावर आपण बांधावर जाऊ या. गावातल्या जुन्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊ, हिंदू शेजाऱ्यांनाही बोलावू. मानशीची झडप नीट मिटते का, बांध कुठे खचला आहे, हे पाहू. दिसले ते कूळ संघाला आणि पंचायतीला कळवू, आणि हाताने होईल ते स्वतः करू.

हे प्रभू, तू आमच्या हाती दिलेली जमीन आम्ही मालक म्हणून नव्हे, राखणदार म्हणून सांभाळू, असे कर. आमेन.